वीसची बाटली टेबलावर पंचेचाळीसची कशी होते

प्रश्न साताऱ्याच्या एका कुटुंबाचा आहे. रविवारी चौघं बाहेर जेवायला गेले. जेवणाचं बिल पटलं, पण दुकानात वीस रुपयांना मिळणारी कोल्ड्रिंकची बाटली पंचेचाळीसला लावलेली होती. तीन बाटल्यांचे एकशे पस्तीस, वर जीएसटी. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "साहेब, सरकारनंच चाळीस टक्के टॅक्स केलाय." हे खरं का, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्यात बसतं का, आणि हे दर वर्षागणिक चढतच का चाललेत, असं त्यांनी विचारलंय.

मी हॉटेल लाईनमधला माणूस. आधी दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसलो, मग स्वतःचं हॉटेल चालवलं आणि आता सातारा, कराड, सांगली-मिरज या पट्ट्यातल्या हॉटेलवाल्यांना मेन्यूचे दर बसवून देतो. पंचेचाळीसचा आकडा ज्या कागदावर पहिल्यांदा उतरतो, तो कागद बऱ्याचदा माझ्यासमोर असतो. मॅनेजरनं सांगितलेलं कारण चुकीचं आहे. दर मात्र कायद्यात बसतो. आणि वाढ बाटलीमुळे होत नाही, ती तुमच्या ताटामुळे होते. कसं, ते सांगतो.

आधी टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि शीतपेयांवर ४० टक्के कर लागला, हे खरं. पण त्याच्या आदल्या दिवसापर्यंत गॅसच्या शीतपेयांवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर १२ टक्के भरपाई उपकर होताच. अठ्ठावीस आणि बारा किती, हे मॅनेजरला विचारायला हवं होतं. उपकर गेला, दर चाळीस झाला, बाटलीवरचा बोजा जिथल्या तिथे राहिला. उलट त्याच दिवशी बाटलीबंद पाण्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गॅस नसलेल्या फळांच्या पेयांवरचा, म्हणजे पोरं स्ट्रॉ लावून पितात त्या आंब्याच्या खोक्यांवरचा, १२ वरून ५ वर आला. रेल्वेनं रेल नीरची लिटरची बाटली पंधरावरून चौदा रुपयांना केली. तेव्हा 'नवा टॅक्स' म्हणून कोल्ड्रिंक महाग करणाऱ्यानं पाण्याची बाटली स्वस्त केली का, एवढं विचारून बघा. उत्तराआधी बहुतेक बडीशेपच येईल.

पण हॉटेलवाल्याला टॅक्स टोचतो, तो वेगळ्या जागी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी साध्या हॉटेलात १२ आणि एसीत १८ टक्के होता, त्यामुळे दर पाचवर आल्यावर गिऱ्हाईक खूश झालं. मात्र त्याच निर्णयानं हॉटेलवाल्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट काढून घेतलं. म्हणजे माल घेताना भरलेला कर आता कुठेच वळता होत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. समजा वीस छापलेली बाटली हॉटेलला एजन्सीकडून सतराला पडली. त्या सतरात ४ रुपये ८५ पैशांच्या आसपास कर आहे. किराणा दुकानदाराला तो वळता करून मिळतो, हॉटेलवाल्याला नाही. जागेचं भाडं पन्नास हजार असेल तर त्यावरचा १८ टक्के, म्हणजे नऊ हजार, तोही तसाच अंगावर. ही तक्रार खरी आहे. पण ती २०१७ ची आहे, गेल्या महिन्याची नाही.

आता कायदा. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, आणि दुकानदारानं त्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही. एसटी स्टँडबाहेरचा टपरीवाला 'कूलिंगचे दोन रुपये' मागतो ना, ते चक्क बेकायदेशीर आहे. फ्रिजची वीज त्यानं आपल्या कमिशनमधून भरायची असते. हॉटेलचं मात्र वेगळं आहे. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं हॉटेल आणि रेस्टॉरंट संघटनांच्या याचिकेवर निकाल दिला की टेबलावर बसवून बाटली देणं ही नुसती वस्तूची विक्री नाही. बसायची जागा, वाढपी, ग्लास, पंखा, स्वच्छता हे सगळं त्यात येतं, म्हणून हॉटेलनं छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर वैधमापन कायद्याचा, म्हणजे वजन-माप आणि छापील किमतीच्या कायद्याचा, भंग होत नाही. वाद पाण्याच्या बाटलीवरून होता, पण तत्त्व कोल्ड्रिंकलाही तेच लागू होतं. थोडक्यात, पंचेचाळीस घेतले म्हणून तुम्ही ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केलात तर फारसं काही हाती लागणार नाही. मेन्यूकार्डावर दर लिहिलेला नव्हता, किंवा तिथे चाळीस होता आणि बिलात पंचेचाळीस आला, तर मात्र तक्रारीत दम आहे.

याच सुमारास आणखी एक नियम आला. १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालाच्या एकसारख्या पॅकिंगवर अनुचित व्यापारी प्रथेनं दोन वेगळ्या एमआरपी छापायला बंदी आहे. पूर्वी तीच बाटली मॉलसाठी वेगळ्या किमतीची छापून यायची. आता मोठ्या हॉटेलांत कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा न दिसणारं माप ठेवतात, उंच कॅन किंवा विचित्र मिलीलिटरची बाटली. शेजारच्या दुकानाशी तुलना करायला जागाच राहत नाही. यात बेकायदेशीर काही नाही, पण हे योगायोगानं होतं असंही समजू नका.

आता मुद्द्याचं, ताटाचं.

हॉटेलात शंभर रुपयांचं जेवण विकलं की साधारण पस्तीस ते चाळीस रुपये कच्च्या मालाला जातात. वीस-पंचवीस पगारात. आमच्याकडे आचारी टिकत नाही, टिकवायचा तर राहायची सोय आणि दोन वेळचं जेवण धरून त्याचा हिशेब करावा लागतो. दहा-पंधरा भाड्यात. आठ-दहा गॅस आणि विजेत. एकोणीस किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा दर महिन्याच्या एक तारखेला बदलू शकतो, मेन्यूकार्ड मात्र दर महिन्याला छापता येत नाही. मग फुटलेले ग्लास, धुलाई, परवाने, कार्ड मशीन, ऑनलाईन ऑर्डरचं कमिशन. चांगल्या चाललेल्या हॉटेलात सगळं वजा जाता आठ-दहा रुपये राहिले तर मालक रात्री शांत झोपतो. म्हणजे तुम्ही चौघांनी हजार रुपयांचं जेवण केलंत, तर मालकाच्या हाती ऐंशी ते शंभर.

आता तीन बाटल्या धरा. खरेदी एक्कावन, विक्री एकशे पस्तीस. चौऱ्याऐंशी रुपये वर. फोडणी नाही, आचारी नाही, वाया जाणं नाही. फ्रिज बहुतेक वेळा कंपनीचाच असतो, वीज तेवढी आपली. चौघांच्या अख्ख्या जेवणातून जेवढं सुटलं, जवळपास तेवढंच तीन झाकणं उघडून सुटलं. चौऱ्याऐंशीतूनही भाडं-पगाराचा वाटा काढायला पाहिजे हे खरं, पण टेबल तर जेवणासाठी अडकलेलंच होतं.

मग दर वाढवायची वेळ आली की मालक कुठे हात घालतो? साताऱ्यात थाळीचा दर सगळ्यांना पाठ असतो. कराड-इस्लामपूरच्या बाजूला अख्खा मसूर आणि रोटीचा दर, मटण खानावळीत काळ्या रश्श्याच्या थाळीचा दर, हे लोक एकमेकांना फोनवर सांगतात. थाळी वीस रुपयांनी वाढली की "अमक्यानं लय वाढवलं" ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. कोल्ड्रिंकचा दर कोणी लक्षात ठेवत नाही. ऑर्डर देताना विचारत नाही, पोरं हट्ट करतात, पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणायचं, आणि आकडा दिसतो तो थेट बिलात. म्हणून तेल वाढलं, सिलिंडर वाढला, वाढप्याचा पगार वाढला की ती सगळी वाढ थाळीवर न जाता बाटलीच्या, लाईम सोड्याच्या आणि पापडाच्या ओळीत जाऊन बसते. मसाला पापड हा याच घराण्यातला, पण तो आजचा विषय नाही.

आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, म्हणून आणखी एक सांगतो. अडीचशे मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये पंचवीस-सव्वीस ग्रॅम साखर असते. किलोला पंचेचाळीस रुपये धरले तर सव्वा रुपयाच्या आतली साखर. बाकी पाणी, गॅस आणि चव. बाटलीचं प्लास्टिक, गाडीभाडं, जाहिरात आणि कर हे आतल्या मालापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे साखर महागली म्हणून कोल्ड्रिंक महाग, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग आताच हा फरक एवढा का बोचतो? कारण दुकानात किमती फारशा चढल्याच नाहीत. २००३ मध्ये दोनशे मिलीची काचेची बाटली पाच रुपयांना आली होती, आठवत असेल. पुढे बाटली हळूहळू वाढत गेली. २०२२ मध्ये रिलायन्सनं कॅम्पा हा जुना ब्रँड घेतला आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणला. दोनशे मिली दहा रुपयांना ठेवल्यावर मोठ्या कंपन्यांनाही दहा-वीसच्या बाटल्यांवर जोर द्यावा लागला. आज गावातल्या किराणा दुकानातही दहाची बाटली मिळते. दुकानात कंपन्यांची मारामारी, टेबलावर मात्र हॉटेलवाला एकटाच विक्रेता. वर अनेक हॉटेलांनी एकाच कंपनीशी बांधून घेतलेलं असतं. कंपनी फ्रिज देते, बोर्ड देते, पेटीमागे काही बाटल्या फुकट देते, आणि बदल्यात दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही. बाहेर दर खाली, आत वर, म्हणून दरी मोठी दिसते. टेबलावरचा दर वाढलाय हे खोटं नाही, पण निम्मी दरी बाहेरच्या स्वस्ताईनं पाडलेली आहे.

साताऱ्याला आणखी एक वेगळं कारण आहे. पुणे-बेंगळुरू हायवे आपल्या दारातून जातो. खंबाटकी उतरल्यापासून वाढे फाट्यापर्यंत, आणि पुढे नागठाणे, उंब्रजपर्यंतची हॉटेलं पुण्या-मुंबईच्या गाडीवाल्याला समोर ठेवून दर लावतात. महाबळेश्वरचे पर्यटक, सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची फुलं बघायला येणारे. त्यांना साठचा लाईम सोडा पुण्यापेक्षा स्वस्तच वाटतो. मग गावातला हॉटेलवाला हायवेचा दर बघून आपला लावतो, आणि साताऱ्याच्याच सदर बाजार भागातला माणूस पर्यटकाच्या दरानं पितो. सांगलीत असं कमी दिसतं. तिथलं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं गावचं, रोजचं. गणपती पेठेत खरेदी करून जेवायला आलेला व्यापारी बाटलीच्या दोन रुपयांवरून मालकाला बोलावून घेईल. सांगलीत दर बसवताना म्हणूनच मी कोल्ड्रिंकला फार हात लावत नाही. विश्रामबागकडच्या नव्या कॅफेंचं गणित निराळं, तिथे बाटली दिसतच नाही, सगळा खेळ मॉकटेलचा.

मॉकटेलबद्दल दोन शब्द, कारण कोल्ड्रिंकला शिव्या देणारेच ते हौसेनं मागवतात. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरी क्रशची साडेसातशे मिलीची बाटली, एका ग्लासाला तीस मिली, म्हणजे एका बाटलीत पंचवीस ग्लास. त्यात सोडा, अर्धा ग्लास बर्फ, लिंबाची फोड, पुदिन्याची दोन पानं. पंचवीस-तीस रुपयांत ग्लास तयार आणि मेन्यूवर दीडशे. बाटलीवर निदान छापलेली किंमत असते, निदान तुम्हाला राग तरी येतो. मॉकटेलवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून कोणी भांडत नाही. मशीनचं कोल्ड्रिंकही त्यातलंच. सिरपचं खोकं, गॅसचा सिलिंडर, साधारण एका भाग सिरपला पाच भाग पाणी. ग्लास मोठा, पण बर्फ काढून ठेवा म्हटलं की ग्लासात किती उरतं ते कळतं.

माझं मत विचाराल तर छापील किमतीच्या दीडपटीपर्यंत टेबलावर दर लावणं मला रास्त वाटतं. जागा, ग्लास, वाढपी याचे पैसे आहेत. दुपटीच्या पुढे गेलं की ती लबाडी, आणि धंद्याच्या दृष्टीनंही कच्ची. चौघांत चार बाटल्या जात होत्या तिथे दोन जातात, पुढे एकही नाही. जे दहा रुपये बाटलीवर चढवले ते थाळीवर चढवायची हिंमत मालकानं करावी, आणि का चढवले ते गिऱ्हाइकाला सांगावं. हे मी ज्यांचे दर बसवतो त्यांना सांगतो. निम्मे ऐकतात. उरलेले म्हणतात, "समोरचा वाढवू दे आधी."

ताकाचं दुखणं तर वेगळंच. आपल्या भागात दुधाला तोटा नाही. शंभर रुपयांच्या दह्यात मसाला ताकाचे बरेच ग्लास होतात. पंचवीस-तीसला ताक विकलं तरी हॉटेलला चांगलं सुटतं आणि गिऱ्हाईक दुवा देतं. तरी बऱ्याच मेन्यूकार्डांत ताक शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. कारण ताक घुसळायला माणूस लागतो, दही आंबट झालं तर फेकावं लागतं, आणि कंपनी ताकासाठी फ्रिज देत नाही. ज्या खानावळी अजून वाटीभर सोलकढी किंवा ताक थाळीसोबतच देतात, तिथे बाटलीचा प्रश्नच उठत नाही. अशा जागा शोधून जा, एवढंच सांगेन.

आता तुमच्या हातात काय आहे ते. बसल्या बसल्या मेन्यूकार्डाचं शेवटचं पान आधी बघा, दर तिथेच असतात. वाढपी "पाणी कोणतं, बिसलेरी?" असं विचारतो, तेव्हा साधं पाणी मागा. तो प्रश्नच असा बेतलेला असतो की 'हो' तोंडातून निघून जावं. बाहेरची बाटली आत आणायचा आग्रह धरू नका. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं थिएटरवाल्यांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखायचा हक्क मान्य केला, आणि हॉटेलवालाही त्याच वाटेनं बोलेल. मुलाचा वाढदिवस किंवा साखरपुडा हॉलमध्ये करणार असाल तर ताटाच्या दरासोबत वेलकम ड्रिंक आणि पाण्याच्या बाटलीचा दर आधीच लिहून घ्या. त्या दिवशी पेट्या फुटायला लागल्या की मोजणारा कोणी नसतो, आणि बिल पेट्यांवर येतं.

बिल आल्यावर तीन ठिकाणी नजर टाका. पहिलं, सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना उचलून धरल्या. साताऱ्यात तो क्वचित दिसतो, पाचगणी-महाबळेश्वरच्या काही रिसॉर्टांत दिसतो. काढा म्हणून सांगा, काढतात. दुसरं, जीएसटी. छोटी हॉटेलं बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात, म्हणजे दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर मालक स्वतःच्या खिशातून ५ टक्के भरतो. त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, आणि तसं बिलावर छापणं बंधनकारक आहे. बिलावर जीएसटी नंबर नाही आणि खाली हातानं पाच टक्के लिहिलेत, तर ते देऊ नका. तिसरं, रिसॉर्टमधलं जेवण. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. त्यात चूक नाही, पण तोच लाईम सोडा डोंगरावर का महाग पडला याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

पार्सलचा मुद्दा शेवटी राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा सगळा भार टेबलावरच्या सेवेवर आहे. तुम्ही दारात उभं राहून बिर्याणी बांधून घेतलीत आणि सोबत बंद बाटली घेतलीत, तर ना खुर्ची वापरली ना ग्लास. तिथे पंचेचाळीस लावले तर माझ्या मते ते दुकानदारीतच मोडतं, आणि दुकानदाराला छापील किमतीच्या वर जाता येत नाही. काउंटरवर तसं सांगा. वाद घालायला लागला तर बाटली तिथेच ठेवा, बिर्याणीचे पैसे द्या आणि शेजारच्या दुकानातून वीसला घ्या. अशा वेळी बाटली बहुतेक तुम्ही पायरी उतरायच्या आत वीसची होते.